कूलरचा सा

तांडापेठेत आमचं दुकान, पेट्या दुरुस्तीचं.
आजोबांचा माग होता इथं. मागाच्या खड्ड्यात आता
फाटके भाते, आणि सुपारीच्या डब्यांतून
किलोवर घेतलेले पितळेचे सूर.

लग्नाच्या दिवसांत शकूर मास्तर यायचे, बँडवाले,
लाल कोटाची बटणं उघडी, काखेत क्लॅरिनेट.
म्हणायचे, देवाजी, माझ्या सीशी पेटी लावून दे.
आणि फुंकायचे.
बाबा पांढरी एक दाबत. भांडण.
दोन सूर एकमेकांना ढुशा देत राहायचे.
मग बाबांचं बोट, न बघताच, काळी पाचवर जाई
आणि दुकानात एकदम जागा झाल्यासारखं वाटे.
‘हाच का तुमचा सी?’
‘हाच.’
‘आमी याले काळी पाच म्हनतो.’
‘म्हणा. मला वडलांनी सी म्हणूनच दिला.’

मी दहा वर्षांची. दोघांतलं कुणीतरी खोटं बोलतंय
असं धरून चालले होते.
पाढ्यांच्या वहीत मागच्या पानावर लिहिलं:
सी म्हणजे काळी पाच. (फक्त शकूरचाचांचा.)

उन्हाचं बाबांकडे वेगळंच गणित होतं.
पारा सत्तेचाळीसवर गेला की क्लॅरिनेट चढतं,
बासरी चढते, तंबोऱ्याची तार ढिली पडून उतरते,
तबला कोरड्या हवेत ठणाणा करतो
आणि कूलरसमोर ठेवला तर तासाभरात मलूल.
पेटी केसभर खाली. तेवढंच.
‘ऊन एकच हाय न बे,’ बाबा म्हणत,
‘पन जो तो आपल्या जातीनं तापते.’

त्या वर्षी बुद्धपौर्णिमेच्या कार्यक्रमाची तालीम दुकानात झाली.
यशोधरा गजभिये गाणार. तंबोरा मांडीशी.
ती खुंटी पिळायची, तार सरकायची,
ती पुन्हा पिळायची.
कूलर बंद करा म्हणायची कुणाची छाती नव्हती.
मग कधीतरी तिनं खुंटी सोडून दिली
आणि डोळे मिटून सा लावला.

बाबांनी पांढरी पाच दाबली. खाली.
काळी चार. वर.
पुन्हा पांढरी पाच. पुन्हा काळी चार.
बोटं दाराशी चप्पल शोधावी तशी दोन पट्ट्यांत फिरली,
आणि मधे पट्टीच नाही.
तिनं कूलरचा सा धरला होता.

शकूर मास्तरांनी क्लॅरिनेटची मान थोडी ओढली,
ओठ ढिले सोडले, आणि पोचले.
तबलजीनं चार ठोके मारले, पोचला.
तंबोऱ्याची तार तर आधीच तिथं येऊन बसलेली.
बाबांनी भाता मिटला. पेटीवर झाकण टाकलं.
गाण्यासमोर रिकाम्या हातांनी बसलेले बाबा
मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. ते गुडघ्यावर
तर्जनीनं काहीतरी दाबत होते.

मग लाईट गेली.
पाती घरघरत थांबली. घाम आला सगळ्यांना.
यशोधराताई थांबल्या नाहीत,
सा तिथंच होता, आता कुणाचाच नसलेला.

रात्री बाबा कानस घेऊन बसले.
पांढरी पाचचा एक जुना सूर, टोकाकडून
जरा घासायचा, फुंकायचा, पुन्हा घासायचा.
आई म्हणाली, कोन्या पेटीत बसनार हाय हा?
ते म्हणाले, कोन्याच नाही.

दुकान आता माझ्याकडे आहे. गिऱ्हाइकं मोबाइल आणतात,
त्यातला काटा हिरवा झाला की पैसे देतात.
तो सूर कागदाच्या पुडीत आहे, पुडीवर नाव नाही.
मे महिन्यात एकदा काढते,
ओठांशी धरून फुंकते.
मधे तीन कूलर बदलले. तरी जुळतो.
शेजारच्या निमज्यांच्या कूलरशी जुळतो,
समोरच्या दवाखान्याच्याही.
दुपारी अडीचला पूर्ण तांडापेठ
त्या एका सुरात झोपलेली असते,
पांढरी पाच आणि काळी चारच्या मधल्या
पेटीच्या लाकडात.