नाकाबंदी

कुताइसीच्या दंतशाळेत तिसऱ्या वर्षी
पहिली सुई आपल्याच माणसाला टोचायची असते.
चिठ्ठ्या टाकल्या. मला बेझान आला,
त्याच्या वाट्याला मी.

लामाराबाई खिडकीपाशी, चष्मा कपाळावर.
"दात बधिर करत नाही आपण," म्हणाल्या,
"दाताची वाट अडवतो.
अंगठा गालाच्या आत ने, मागे, आणखी मागे,
हाडाला खोबण लागते तिथे टेकव.
सिरिंज पलीकडच्या उपदाढांवरून येऊ दे.
हाड लागलं की थांब. केसभर मागे ये.
दट्ट्या ओढून बघ, रक्त आलं तर वाट चुकलीस.
मग हळू. इतकं हळू, की तुझा तुलाच कंटाळा यावा."

बेझानचे डोळे छताला.
माझा हात कापतोय
हे त्याला माझ्याआधी कळलं.
सुई शिरली. हाड लागलं,
आवाज नाही, काही नाही,
बोटांना आलेला नुसता एक नकार.

एक मिनिट.
शेजारच्या खुर्चीवर नेस्तान आकडे मोजत होती, मोठ्याने,
आणि चाळीसनंतर पुन्हा तीसवर येत होती.

"ओठ?"
"सुजलाय." सुजला नव्हता.
"आता?"
"आता दुसऱ्या कुणाचा तरी आहे."

बाईंनी टोकदार सळई त्याच्या हिरडीत खुपसली.
तो हसला. अर्धाच.

मग कुणी विचारलं नसताना म्हणाल्या,
"वर स्वानेतीत आमची खिंड नोव्हेंबरात बंद व्हायची.
बाप खाली झुगदिदीच्या इस्पितळात होता.
जानेवारीत गेला.
आम्हाला कळलं मे महिन्यात.
तोवर मी त्याच्यासाठी मोजे विणले. पाच जोड.
पाचवा फार सुबक झाला होता."
चष्मा डोळ्यांवर ओढला.
"लिहून घ्या. दोन-तीन तास टिकतं.
रुग्णाला सांगायचं, गरम पिऊ नका,
गाल चावला गेला तरी कळणार नाही."

संध्याकाळी रिओनीच्या पुलावर
बेझानने खाचापुरीचा कागद सोडला.
मी हात धरला. "अजून नाही."
त्याच्या हनुवटीवर लाळेचा थेंब लोंबत होता,
त्याच्या गावीही नव्हतं.
मी बाहीच्या टोकाने पुसला.
तो पाण्याकडे बघत बोलत राहिला,
उद्या माझी पाळी, उद्या तू बस खुर्चीत,
शब्द एका बाजूने घसरत होते.

मग अचानक थांबला.
"काही लागलं होतं का तोंडाला?"
"नाही," मी म्हणाले.