एसिखात, वीज गेल्यावर

या गावाला लोक तवा म्हणतात,
आंदालुसियाचा तवा,
आणि ऑगस्टात दुपारी तीन वाजता
त्यात कुणाला अतिशयोक्ती वाटत नाही.
ऊन मी म्हणतं. आम्ही काहीच म्हणत नाही.
पडदे ओढून, ओल्या फरशीवर पाय टेकून
बसून राहतो.

आज मात्र मी ओट्याशी उभा.
टोमॅटो असे पिकलेत
की सुरी नुसती दाखवली तरी साल सोडतात.
कालचा पाव पाण्यात भिजतोय,
जुन्या भांडणासारखा हळूहळू मऊ पडत.
लांबट हिरवी मिरची, नावालाच मिरची.
लसणाची एक पाकळी. दुसरी घातली
तर रात्री अंगणातल्या खुर्च्या लांब सरकतात.
थोडा शेरीचा सिरका.
तेल किती? ‘मागेल तेवढं,’ आई सांगायची.
कोण मागेल, ते कधी सांगितलं नाही.

माझी मुलगी नियेवेस. वय नऊ.
नावाचा अर्थ हिमवर्षाव,
आणि बर्फ पाहिलाय तो फक्त पेल्यातला.
तिनं मिक्सरचं बटण दाबलं.
घुर्रर्र
आणि मग सगळंच थांबलं.
मिक्सर. पंखा. फ्रिजचं ते पुटपुटणं,
जे थांबेपर्यंत ऐकूच येत नाही.
गल्लीत एकेक खिडकी उघडली.
‘तुमच्याकडेपण?’
‘आमच्याकडेपण.’

भांड्यात अर्धं रेशीम, अर्धे दगड.

वरच्या मजल्यावरून दोन्या एदुविखिस उतरल्या,
वय ब्याऐंशी, काखेत लाकडी पात्र,
मधोमध झिजून झिजून
ओंजळीसारखं झालेलं.
त्यांचे वडील कापूस वेचायला जाताना
हेच घेऊन जायचे, म्हणाल्या,
दहा माणसं, एक पात्र, चमचे ज्याचे त्याचे.
‘सरक बाजूला.’
भांड्यात डोकावल्या. नाक हललं.
‘काकडी?’
‘काकडी.’
‘कुणी सांगितलं?’
मी गप्प.
बायकोनं सांगितलं होतं. ती बुर्गोसची, उत्तरेकडची,
आत्ता इस्पितळात, कामावर.
तिथं जनरेटर आहे.
दोन बोटांनी काकडीचे तुकडे
एकेक करून वेचले एदुविखिसनी,
आणि एकेक करून खाल्ले.
‘अन्न टाकायचं नसतं,’ एवढंच बोलल्या.

मग मीठ. मिठात लसूण.
ठक. ठक.
लसणाचा नुसता वास उरला तेव्हा पाव,
मग टोमॅटो, घाई न करता,
ठक, जरा थांबून, ठक,
कोपर दुखत असावं, विचारलं नाही.
नियेवेसनं तेलाची धार धरली,
जीभ दातांत धरून,
सुतासारखी बारीक.
लाल होतं ते शेंदरी झालं, शेंदरीचं नारिंगी,
आणि कडेनं चकाकी चढली.
‘मागतंय का अजून?’ मी विचारलं.
नियेवेसनं कान लावला पात्राला.
‘नाही. आता पुरे म्हणतंय.’

पण कोमट. तव्यातलंच ते.

तेव्हा अंगणातल्या विहिरीवरच्या जिरॅनियमच्या कुंड्या
आम्ही तिघांनी उतरवल्या,
झाकण सरकवलं, किती वर्षांनी कोण जाणे.
कपडे वाळत घालायची दोरी
मातीच्या सुरईच्या गळ्यात बांधली
आणि सोडली खाली, गाठीगाठीनं,
काळ्या पाण्याला बूड टेकेपर्यंत.
नियेवेसनं वाकून स्वतःचं नाव टाकलं आत.
परत आलं ते
गार होऊन.

तास गेला असेल. एदुविखिस खुर्चीतच डुलक्या घेत होत्या.
एकदम स्वयंपाकघरात मिक्सर गरजला,
बटण तसंच राहिलेलं,
रिकामा, एकटाच घुरघुरत.
मी धावलो. बंद केला.
परत येतो तो सुरई वर आलेली,
दोघींना नारिंगी मिशा,
आणि मला कुणी विचारायला तयार नाही.

रात्रीसाठी एक पेला झाकून ठेवलाय.
भांडं धुताना तळाशी सापडलेला
काकडीचा एक तुकडा
त्यात वर तरंगतोय.