शुदलेन

खोंगोरझुल तिसऱ्या वर्षीही
यंत्रात डोकं देऊन उभी राहते.
कानांत दोन खुंट्या, गळ्यात शिशाचा जड एप्रन,
केसांना कोळशाच्या धुराचा वास.
"दातावर दात. गिळू नकोस."

मग उजेडाची काच, ट्रेसिंग पेपर, पेन्सिल.
नाकाच्या मुळापासून हनुवटीपर्यंत
वर्षात अडीच मिलिमीटर.
भिंतीवरचा तक्ता परक्या चेहऱ्यांचा,
त्याच्या हिशेबात ही पोर दरवर्षी चुकते.
म्हणून मोजतेय. दोनशे अकरा मुलं
आणि एक खोडरबर.

बाप दारातच, बुटांवर गोबीची धूळ.
प्लास्टरचा साचा उचलतो,
अंगठ्यानं सुळ्याची जागा चाचपतो
शिंगराची चाचपावी तशी.
आमच्यात तीन वर्षांच्या घोड्याला म्हणतात शुदलेन,
दातवाला.
वय विचारायचं कामच नाही.

"मग हिचं सांगा," मी म्हणते.
तो साचा खाली ठेवतो, तिच्याकडे बघतो.
बराच वेळ.
हिवाळ्याआधी वसतिगृहात सोडली तेव्हा
ही त्याच्या आईसारखी दिसत नव्हती.

मी रकान्यात लिहिते: ११२.५

तिनं खिशातून आरूल काढलंय,
दगडासारखं वाळलेलं,
आणि डाव्या दाढेनं फोडतेय.