मुनवे

बाहेर पंचेचाळीस. सावद्याच्या फाट्यावर
डांबराला चप्पल चिकटते.
आत पंचवीस, रात्रंदिवस पंचवीस,
पांढऱ्या नळ्यांच्या उजेडात अकरा हजार बाटल्या,
आणि एकाही बाटलीला माहीत नाही
की मे चालू आहे.

मी कोपरापर्यंत हात स्पिरिटने पुसते,
चिमटा ज्योतीत धरते, निववते,
मुनव्याचे पदर सोलत जाते,
जाड, पाणीदार, डाग पाडणारे,
शेवटी उरतो तांदळाच्या कणीएवढा शेंडा.
अख्खी बाग एवढ्यात.
बऱ्हाटे सर म्हणतात, श्वाससुद्धा बेतानं घे.

काल रात्री हेमांगी आली वही घेऊन.
नववीचा धडा, पेशीची आकृती, टोकं काढलेल्या पेन्सिली.
"आत्या, हे बाहेरचं काय?"
पेशीभित्तिका. बांध समज.
"अन् त्याच्या आतलं?"
पटल. ते बांधासारखं नाही,
ते आमच्या फाटकावरच्या सुपडूतात्यासारखं:
पाण्याला जाऊ देतं, साखरेला नाव विचारतं,
कुणाला नुसतंच बसवून ठेवतं.
तंतुकणिका म्हणजे चूल. साखर जळते,
धूरही निघतो, दिसत नाही इतकंच.
मधली मोठी रिक्तिका, रसाने भरलेली.
"भरलेली, तर मग रिकामी कशी?"
नाव ठेवणाऱ्यानं कधी केळ कापली नसेल.
केळीला लाकूड नसतं गं.
दहा फूट उंच ती उभी असते
एकेका पेशीत दाबून भरलेल्या पाण्यावर,
म्हणून तर रावेरकडचं एक वादळ येतं
आणि सकाळी शेत आडवं.

केंद्रक तिनं जांभळं रंगवलं. थांबली.
"पानाच्या पेशीत बी तेच लिहिलेलं, मुळाच्या बी तेच?"
तेच.
"मंग तिले कसं समजते, आपल्याले काय व्हायचं?"

सांगता आलं असतं:
एका संप्रेरकाचे थेंब जास्त, तर कोंब,
दुसऱ्याचे जास्त, तर मुळं. मी रोज मोजून घालते.
पण तिनं ते विचारलं नव्हतं.
म्हटलं, आजूबाजूच्या काय सांगतात ते ऐकत असेल.
"म्हन्जे आपल्यासारखंच," म्हणाली, आणि वही मिटली.
गॉल्जी पिंड राहून गेलं.

आज तिसऱ्या मांडणीवर सात बाटल्या गढूळ.
झाकण न उघडता वेगळ्या काढल्या.
आत जिवाणू. त्याही पेशीच,
केंद्रकाचं घरसुद्धा नसलेल्या,
वीस मिनिटांत दोनाच्या चार.
आमच्या शेंड्याला एकाचे तीन व्हायला महिना.
वाईट कशाला म्हणू? साखर त्यांनाही गोड.
वाफेच्या भांड्यात ठेवल्या, झाकण आवळलं,
नोंदवहीत लिहिलं: सात.

पाळी संपली की हातमोजे उलटे निघतात.
बोटांना सालपटं सुटलेली.
महिन्याभरात म्हणे वरची कातडी पार नवी होते.
इथे सात वर्षं झाली,
म्हणजे हा हात ऐंशीएक वेळा दुसराच झाला.
तरी डाव्या अंगठ्याखालची विळ्याची खूण,
आठवीत, काकांच्या कांदेबागेत
मुनवे छाटताना लागलेली,
जिथल्या तिथे.
दर खेपेला खालून कुणीतरी
ती नीट उतरवून घेतं,
या बाटल्यांइतकी चोख,
आणि मला विचारत नाही
की ही ठेवायची का.

दार ढकलते. उन्हाची भिंत.
समोरच्या पिलबागेत पानं दुपारची मिटून बसलीत,
पाणी वाचवत.
हेमांगी आज पुन्हा येईल.
गॉल्जी पिंड राहिलंय.