वीस तासांचं दळण

हातमोज्यांच्या पेटीत मॅग्नेशियम तोलताना
रेजाँ तिबोदो श्वास रोखून धरतो.
गरज नसते तशी. आत आरगॉन, बाहेर आम्ही,
मध्ये काळं जाड रबर.
पण इतकी बारीक भुकटी दिसली
की आपोआप रोखला जातो, म्हणतो.

पाच ग्रॅम भुकटी, पन्नास ग्रॅम पोलादी गोळ्या,
नायोबियम ऑक्साइड मिठाच्या बेताने.
डबी बंद. मग झडपेतून हायड्रोजन, दाबून.
बटण.
तळघरात आता कुणाचंच बोलणं ऐकू येणार नाही.

पाव तास फिरायचं, पाव तास निवायचं.
म्हणजे वीस तासांच्या दळणाला चाळीस तासांची जाग,
हा हिशेब कुठल्याच प्रबंधात नसतो.
माझ्याही नसेल.

वर त्र्वा-रिव्हियेर बर्फाखाली,
नदीवर मासे धरणाऱ्यांच्या रंगीत खोपटांत दिवे.
रेजाँ सव्वीस वर्षं कागदाच्या गिरणीत होता.
गिरणी बंद पडली, तो इकडे आला,
डावा कान तिथंच राहिला.
म्हणून तो यंत्र तळहाताने ऐकतो,
झाकणावर हात ठेवून, ताप बघावा तसा.

तिसऱ्या रात्री, चारच्या सुमाराला:
"ओदील, ऐक."
माझे दोन्ही कान शाबूत,
मला तोच खडखडाट.
"गोळ्या मऊ पडतायत," तो म्हणाला. "बंद कर."

उघडली. अर्धं मॅग्नेशियम भिंतीला थापलेलं,
पातेल्याच्या बुडाला लागावं तसं, वर चकाकतंय निर्लज्ज.
हा धातू असाच, मवाळ.
घाव घाला, तुटतो. पुन्हा घाला, सांधतो.
हायड्रोजन पोटात गेला तरच ठिसूळ होतो,
मग फुटत जातो, आणि फुटेल तितका
आणखी पितो.
याला काही मिळालंच नव्हतं प्यायला.

वायसरवर एक धागा सापडला.
पुसायच्या कापडाचा, पांढरा.
पुसलं होतं मी.

तो काहीच बोलला नाही.
नवी भुकटी तोलली, श्वास रोखून.

आणखी चाळीस तास.
मग राखेपेक्षा काळी, हलकी, सैल अशी ती पूड
तीनशे अंशांवर ठेवली
आणि पडद्यावरची रेघ चढू लागली,
आधी नुसतीच थरथरली, मग सरळ.
शंभरात सहा.

"म्हणजे किती?" रेजाँने विचारलं.
मी कागदावर मांडलं, दोनदा तपासलं.
या पाच ग्रॅमच्या हायड्रोजनवर
अर्धा कप कॉफीचं पाणी उकळेल.
तो इतका हसला की खोकला लागला.
थर्मास उघडून दोन पेले ओतले,
काठोकाठ,

आणि डबी धुवायला घेतली.
वायसर त्यानेच पुसला,
कापड न घेता,
अंगठ्याने, गोल, पुन्हा एकदा गोल.