सत्तेचाळीस नंबरची नळी

धुपदाळच्या बंधाऱ्याखाली, शेंगा काढून झालेल्या रानात
पहाटे सहाला आम्ही ओणवे:
मी, फकिराप्पा आणि बर्फाचा डबा.
करकोचे नुकतेच उठून पाण्याकडे गेलेले.
मागं ढेकळांवर त्यांची विष्ठा, अजून ओली,
पांढऱ्यात हिरवट एक गाठ.
कापसाची काडी फिरवायची, गुलाबी पाण्यात मोडायची,
झाकण, नंबर, वेळ.
"निधान री," फकिराप्पा म्हणतो,
"हक्की उडाली, हे कुठं उडतंय."

बांधावरून एक बाई विचारते,
"काय हुडकुलालीस गं घाणीत?"
विषाणू, मी सांगते.
ती डोक्यावरची बुट्टी सावरते.
"म्हंजे आमच्या कोंबड्या मारायला येनार."
तसं नाही हो, म्हणते मी,
पण तिच्या माहेरी एकदा खड्डे खणले होते, वर चुना टाकला होता,
आणि मी नखशिखांत पांढऱ्या सूटमध्ये.

बेळगावात, तिसऱ्या गेटापलीकडच्या लॅबमध्ये
स्टेपलरएवढं मशीन रात्रभर वाचतं.
वाचतं म्हणजे, एका छिद्रातून धागा ओढत नेतं
आणि विजेची थरथर अक्षरांत उतरवतं.
चारच अक्षरं.
त्यात करकोचा, त्यानं खाल्लेली शेंग,
पोटातले जंतू, रानातली माती,
मीसुद्धा दोन-चार ओळी, हातमोजा घालूनही.
पाखडत गेले, पाखडत गेले.
सुपात उरलं सात हजार चारशे बारा अक्षरांचं एक वाक्य
जे कुठल्याच यादीत नाही.
सगळ्यात जवळचा नातलग कुठल्याशा थंड देशातल्या बदकात,
एकसष्ट टक्के.
एवढ्यावर आमच्याकडं सोयरीकही जुळत नाही.

शिवलीला मॅडम म्हणाल्या, पुन्हा कर.
कोऱ्या नळीत काही नाही ना, ते आधी बघ.
पुन्हा केलं. वीज गेली. पुन्हा केलं.
तिसऱ्यांदा त्या काही बोलल्या नाहीत,
संध्याकाळी पाव किलो कुंदा टेबलावर होता.

अप्पांनी हयातभर पाट्या रंगवल्या,
दुकानांच्या, दवाखान्यांच्या, दोन्ही लिप्यांत, सारख्याच सफाईने.
एकाच पाटीचे त्यांना तीनदा पैसे मिळालेत:
आधी एका भाषेत,
मग डांबर फासल्यावर दुसऱ्या,
मग तडजोड झाल्यावर दोन्ही.
"नवा सापडला म्हणतेस, म्हणजे आत्ता जन्मला?"
नाही अप्पा. असेल हजारो वर्षं,
करकोच्याच्या पोटात बसून दर हिवाळ्याला येत.
"मग गाव जुनंच की. पाटी तेवढी नवी."
माणसाला होतो काय?
माहीत नाही.
पाखरू आजारी होतं?
ज्याचं होतं ते मी पाहिलंच नाही. थव्यात मेलं कुणी नव्हतं.
आणि नाव?
नाव समिती ठरवेल, अप्पा.
गावाचं लावू नका म्हणतात, गावाला बट्टा लागतो.
ते बराच वेळ गप्प.
"शहाणी माणसं," म्हणाले.

मार्कर बर्फात पुसतो, मी सहज बोलून गेले.
त्यांनी माळ्यावरून एनॅमलचा डबा उतरवला,
सगळ्यात बारीक ब्रश, तीन केसांचा.
माझ्या पर्समधली रिकामी नळी उजेडाला धरली,
थरथरतं मनगट दुसऱ्या हातानं आवळलं.
"आकडा कुठल्या लिपीत घालू?"

मी तोंड उघडते तोवर फोन वाजला, फकिराप्पा.
"सगळे गेले री, रात्रीच. रान मोकळं.
एक पीस पडलंय खाली.
ठेवू काय?"