साल फिरतं

गॅदरिंगला हंचाटे सरांनी रोमन प्रहसन घेतलं.
दोन हजार वर्षांमागं, म्हणाले,
आपल्या तेरचं कापड त्यांच्या बाजारात जायचं,
मग त्यांचा गुलाम आपल्या स्टेजवर का नको?

गुलाम मी झालो.
गुलामाला तांबडे केस लागतात, असं सरांच्या वहीत होतं.
बापानं तेरणेच्या डोहात कुजवलेली अंबाडी सोलून
वाख काढला, मेंदीत बुडवला,
मालकाच्या गोठ्यात वाळत घातला, दाव्यांशेजारी.

नाटकात सगळं घरातलंच:
कोठीची किल्ली, शिळं कालवण, शेजारणीची चुगली,
उधळ्या पोराचं लफडं,
आणि चाबूक. तो दिसत नाही कधी, नुसता बोलण्यात येतो.
‘पाठ तुमचीच, धनी, मी नुसती वागवतो,’
असं मी म्हणायचो
आणि तालमीत पोरं लोळायची.

बाप पुढं बसला नाही.
मांडवाच्या कडेला, चपलांजवळ, उकिडवा.
पाठीच्या वाक्याला अख्खं गाव हसलं,
पहिल्या रांगेतल्या खुर्चीत मालकसुद्धा.
बाप हसला भलतीकडंच:
धनी विचारतो, कोठीत पोती किती उरली,
आणि गुलाम बोटं मोजता मोजता
दोन हळूच मिटून घेतो.
तिथं एकटाच हसला, ठसका लागेस्तोवर.

शेवटी धनी गुलामाला खांद्याला धरून
एक गिरकी देतो.
झालं. सुटला.
त्यांच्यात तशीच रीत होती म्हणे.
मी फिरलो, टोप कलला, टाळ्या.

पाणंदीनं घरी येताना बॅटरी बापाच्या हातात.
बराच वेळ नुसता उजेड चालत होता.
मग म्हणाला, ‘एकदाच फिरवला का रं त्याला?’
‘हो.’
‘आमचं तर दर पाडव्याला फिरतंय साल.
अठरा झाली.’
आणि ओढा ओलांडल्यावर,
‘दुसऱ्या दिशी कुणाच्या दारात गेला त्यो?’

वहीत तेवढं नव्हतं.
नाटक गिरकीपाशीच संपतं.

टोप त्यानं मागून घेतला.
सकाळी बघतो तर उसवून, पिळून
त्याचं दावं झालेलं,
तांबडं, मेंदीच्या वासाचं,
मालकाच्या नव्या गोऱ्ह्याच्या गळ्यात.

चांगला वाख हाय, म्हणाला,
वाया कशाला घालवायचा.